वावरात पडलेली उल्का की बेन्नूवरची माती?

सेंद्रिय रसायनाच्या अभ्यासासाठी बेन्नू या लघुग्रहावरून आणलेली मातीच सरस. २४ सप्टेंबर २०२३ ला पृथ्वीवर उतरलेला हा १२१.६ ग्रॅम ऐवज नायट्रोजनमध्ये जपला जातो. त्यात प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं सापडली, त्यांची डावी-उजवी (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी) रूपं जवळपास सारख्याच प्रमाणात. पृथ्वीवरची सजीवसृष्टी मात्र मुख्यतः डावंच रूप वापरते.

यवतमाळकडे एखाद्या वावरात कार्बनी उल्का पडली, तर काळ्या मातीतले जिवाणू आपली डावी अमिनो आम्लं तिच्यात मिसळणार. मग डावं रूप जास्त दिसलं, तरी ते आकाशातलं की वावरातलं, हे कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) तपासावं लागतं. पावसात विद्राव्य क्षारही वाहून जातात. पण माल किलोंनी मिळू शकतो, हेही खरं!

म्हणून पावसाआधी उचला. उघडा हात नको, चुंबकही नको. त्यानं दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसते. नायलॉनची पिशवी तर नकोच: प्रयोगशाळेत नमुना आम्लात तापवताना तिचे कण अमिनोकॅप्रोइक आम्ल हे अमिनो आम्ल देतात, ते नमुन्यातलंच वाटतं. स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइल बरी.