अंदमानच्या सहलीत ‘समाविष्ट’ म्हणून विकली गेलेली स्थळे

सहलीत फसवणूक झाली असे सांगितले की ऐकणाऱ्याला विमानाची खोटी तिकिटे, अस्तित्वात नसलेले हॉटेल किंवा पैसे घेऊन पसार झालेला एजंट आठवतो. आमच्या अंदमानच्या सहलीत यांपैकी काहीही घडले नाही. नागपूरहून कोलकातामार्गे नेणारी विमाने ठरल्याप्रमाणे मिळाली, खोल्या स्वच्छ होत्या आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्याची फेरीबोटीची तिकिटेही खरी होती. फसवणूक झाली ती प्रेक्षणीय स्थळांच्या आणि पाण्यातील खेळांच्या यादीत. तिची रक्कम अशा लहान लहान तुकड्यांत विभागलेली होती की, एकेका तुकड्यासाठी कोणी भांडत बसणार नाही, हे विकणाऱ्याने आधीच हेरले असावे.

गणेशोत्सवात नागपूरच्या मनीषनगरमधील आमच्या सोसायटीच्या मंडळाला वर्गणी देऊन सहली विकणाऱ्या एका व्यावसायिकाने मांडवाशेजारी टेबल मांडले होते. दिवाळीच्या सुट्टीत मी, पत्नी, आई, बहीण, तिचे यजमान आणि भाची अशा सहा जणांनी जायचे ठरले. “काका, मूळ पॅकेज आणि साइटसीइंग वेगवेगळे ठेवू या. तिकडच्या लोकांना पैसे थेट द्यावे लागतात, म्हणून ते स्वस्त पडते,” असे तो म्हणाला. नोकरी बँकेत झाल्यामुळे मी प्रत्येक बाब लेखी मागितली आणि त्याने ती आनंदाने दिली. मूळ पॅकेजची पावती कंपनीच्या नावाने होती. साइटसीइंगचे ३३,२०० रुपये मात्र एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने घेतले गेले आणि त्यासाठी कंपनीच्या लेटरहेडवर एक यादी मिळाली, जिच्यात स्थळांची नावे, माणशी दर आणि प्रत्येक ओळीपुढे ‘समाविष्ट’ हा शब्द होता.

यादीत ‘जारवा आदिवासी दर्शन’ अशीही एक ओळ होती. ती मी त्याच्यासमोरच खोडायला लावली. बाराटांग बेटाकडे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव क्षेत्रातून जातो, जिरकाटांगच्या तपासणी नाक्यापासून वाहने ताफ्याने सोडली जातात, वाटेत थांबण्यास आणि छायाचित्रे काढण्यास मनाई असते, आणि आदिम जमातींच्या संरक्षणाचा विनियम तेथे १९५६ पासून लागू आहे. जिवंत माणसे ‘दर्शना’साठी विकायला काढणाऱ्याने ओळ खोडताना जराही कुरकुर केली नाही, कारण तिच्यापुढे रक्कम लिहिलेलीच नव्हती. ती ओळ केवळ आमिषासाठी होती.

ज्यांच्यापुढे रक्कम होती, त्या ओळींकडे आता वळतो. पहिली होती ‘सावरकर कोठडी विशेष दर्शन’, माणशी ५०० रुपये. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले. तिला सात शाखा आणि ६९३ कोठड्या होत्या, त्यांपैकी आज तीनच शाखा उभ्या आहेत. सावरकर १९११ ते १९२१ या काळात ज्या कोठडीत होते ती वरच्या मजल्यावर आहे आणि प्रवेशद्वारावरचे साधे तिकीट काढणाऱ्या कोणालाही ती पाहता येते. तेथे कोणतेही ‘विशेष दर्शन’ नाही. आम्ही ज्या रांगेतून गेलो त्याच रांगेत आमच्यापुढे नाशिकचे एक कुटुंब होते. त्यांनी साध्या तिकिटापलीकडे एक रुपयाही दिलेला नव्हता आणि आमची पावती पाहून ते अवाक झाले. मराठी माणूस या ठिकाणी घासाघीस करणार नाही, हे ओळखून ही ओळ लिहिली गेली होती. पैशांच्या हिशेबात ही रक्कम सर्वांत लहान असली तरी मला सर्वांत जास्त चीड तिचीच आली. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाला वेगळे तिकीट लागते व तेथील जागा मर्यादित असतात. तोही यादीत ‘समाविष्ट’ होता, परंतु आम्ही पोहोचलो तेव्हा आमच्या नावाची तिकिटे कोणी काढलेली नव्हती आणि त्या दिवसाची तिकिटे संपली होती.

दुसरी ओळ ‘जॉली बॉय बेट’, माणशी १,५०० रुपये. हे बेट वांडूरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात आहे. प्रवाळांना विसावा मिळावा म्हणून जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे आलटूनपालटून खुली ठेवली जातात. जॉली बॉय साधारणपणे हिवाळ्यात सुरू होऊन मे महिन्यापर्यंत खुले असते आणि पावसाळ्याच्या महिन्यांत रेड स्किनची पाळी असते. दोन्हीकडे जाण्यासाठी वन विभागाचा परवाना आधी काढावा लागतो आणि एकदा वापरून फेकण्याचे प्लास्टिक नेता येत नाही. आम्ही गेलो तेव्हा जॉली बॉय उघडलेले नव्हते आणि रेड स्किनसाठी आमच्या नावाचा परवाना नव्हता. स्थानिक प्रतिनिधीने आम्हाला वांडूरच्या किनाऱ्यावर उतरवून “हेच ते उद्यान” असे सांगितले. उद्यान त्याच परिसरात असल्यामुळे त्याला सरळ खोटारडा म्हणण्याचीही सोय नव्हती.

तिसरा प्रकार मला आजही थक्क करतो. डिसेंबर २०१८ मध्ये रॉस बेटाचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि हॅवलॉकचे स्वराज द्वीप असे झाले. २०२१ मध्ये माउंट हॅरियटचे माउंट मणिपूर झाले आणि २०२४ मध्ये खुद्द पोर्ट ब्लेअरचे श्री विजय पुरम. बदलाला काही वर्षे होऊनही फलक, तिकिटे आणि लोकांच्या बोलण्यात जुनी-नवी नावे मिसळून येतात. आमच्या यादीत रॉस एका दिवशी होते, तर नेताजी द्वीप दुसऱ्या दिवशी. माउंट हॅरियट आणि माउंट मणिपूर अशी दोन शिखरे होती. नीलमधील मुक्काम मूळ पॅकेजमध्ये होता आणि ‘शहीद द्वीप सहल’ माणशी १,२०० रुपयांना वेगळी विकलेली होती. स्वराज द्वीपाच्या जेटीवर फेरीबोटीच्या तिकिटावरील नाव वाचून भाचीने विचारले, “मामा, शहीद द्वीपला तर आपण राहायलाच चाललोय ना?” प्रतिनिधीला हाच प्रश्न विचारल्यावर त्याने हसत नागपूरला फोन लावून दिला आणि नागपूरचा फोन कोणी उचलला नाही.

शहीद द्वीपावर खडकांची नैसर्गिक कमान आहे. तिच्यापाशी ओहोटीच्या वेळीच नीट पोहोचता येते, कारण वाट समुद्रतळाच्या खडकांवरून जाते. आम्हाला भर भरतीला नेण्यात आले आणि दूरवरूनच परत फिरावे लागले. समुद्र पाहण्यासाठी कोणत्याही दिशेला शेकडो किलोमीटर जावे लागणाऱ्या नागपूरकराला भरती-ओहोटीचे वेळापत्रक, बेटांचे हंगाम आणि पाण्याखाली बुडी मारण्याचे नियम सवयीने ठाऊक नसतात. हा धंदा नेमक्या त्याच अज्ञानावर उभा आहे.

सर्वांत गंभीर ओळ स्कूबाची, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली बुडी मारण्याची होती. चौघांसाठी प्रत्येकी ३,५०० रुपये घेऊन ती परतीच्या दिवशी सकाळी नॉर्थ बे येथे ठेवलेली होती, आणि आमचे विमान त्याच दुपारचे होते. पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासातून घेतल्यामुळे शरीरात नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडण्याआधीच माणूस विमानातील कमी दाबात गेला तर रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे तयार होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, अशी शिफारस केली जाते. तेथील प्रशिक्षकाने दमा, कान आणि हृदयविकार यांविषयीचा अर्ज भरून घेताना परतीच्या विमानाची वेळ विचारली आणि ती ऐकताच चौघांनाही पाण्यात उतरवण्यास स्पष्ट नकार दिला. त्या अनोळखी प्रशिक्षकाचे आम्ही ऋणी आहोत. प्रतिनिधीने मग आम्हाला काचेच्या तळाच्या बोटीतून एक चक्कर मारून आणली आणि स्कूबाच्या ओळीपुढे ‘पूर्ण’ अशी खूण केली.

परतल्यावर त्या कार्यालयाने दिलेली उत्तरे अशी. कोठडी पाहिलीत, म्हणजे दर्शन झाले. वांडूरला गेलात, म्हणजे उद्यान झाले. स्कूबाला ग्राहकाने स्वतः नकार दिला. शहीद द्वीपला तुम्ही गेलाच होतात. साइटसीइंगचे पैसे तर स्थानिक माणसाने घेतले, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. ती व्यक्ती कार्यालयातच बसते, हे मी दाखवून दिल्यावर पुढील सहलीसाठी सवलतीचे कूपन पुढे करण्यात आले. ते मी घेतले नाही, आणि इतरांनीही घेऊ नये असे सुचवेन, कारण कूपन स्वीकारले की ‘तडजोड झाली’ असे म्हणण्यास वाट मिळते.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. त्यानंतर स्कूबाचे १४,००० आणि शहीद द्वीपाचे ७,२०० रुपये परत आले. कोठडीचे ३,००० आणि जॉली बॉयचे ९,००० रुपये देण्यास नकार मिळाल्यामुळे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. उपयोगी पडलेले पुरावे म्हणजे लेटरहेडवरील यादी, यूपीआयच्या नोंदी, फेरीबोटीची तिकिटे आणि प्रशिक्षकाकडच्या त्या अर्जाचा मोबाइलवर काढलेला फोटो. सेल्युलर जेलची मूळ तिकिटे पत्नीने जपून ठेवली म्हणून खरा दर दाखवता आला.

तक्रार अजून प्रलंबित आहे. दरम्यान याच व्यावसायिकाचे उन्हाळी सुट्टीचे नवे पत्रक सोसायटीत वाटले गेले असून ते लक्षद्वीपचे आहे. तेथे जाण्यासाठी प्रवेश परवाना आधी घ्यावा लागतो, त्याचा पत्रकात उल्लेख नाही. मिनिकॉय आणि मलिकू ही मात्र दोन वेगळी बेटे म्हणून छापली आहेत. मलिकू हे मिनिकॉयचेच स्थानिक नाव आहे.