‘लेफ्ट बिहाइंड: द किड्स’: वेगवान मालिका, पण मुलांबरोबर मोठ्यांनीही वाचावी

ठाण्यात आमच्या चर्चमध्ये रविवारच्या धर्मशिक्षणाला येणाऱ्या मुलांमध्ये सध्या ही इंग्रजी मालिका हातोहात फिरत आहे, म्हणून तीच वाचायला घेतली. जेरी जेन्किन्स आणि टिम लाहे यांच्या १९९५ साली सुरू झालेल्या प्रौढांसाठीच्या कादंबऱ्यांवर ती बेतलेली असून १९९८ ते २००४ या काळात तिचे ४० छोटे भाग निघाले.

कथेत एका क्षणात जगभरातील येशूवर खरा विश्वास ठेवणारे आणि सगळी बालके नाहीशी होतात आणि शिकागोच्या परिसरातील चार मुले मागे उरतात. घरातून पळून विमानाने लंडनला निघालेल्या जड नावाच्या मुलाला आसपासच्या आसनांवर माणसांऐवजी त्यांचे नुसते कपडे पडलेले दिसतात, तो प्रसंग लेखकांनी फार नेमका उतरवला आहे. धार्मिक घराला कंटाळलेली व्हिकी तर मला चौघांत सर्वांत खरी वाटली. तिचा राग आणि पश्चात्ताप उपदेशाविना पोहोचतो, जे या पुस्तकांत क्वचितच घडते.

माझा आक्षेप वेगळाच आहे. विश्वासणारे वर उचलले जातील, हे बायबलमधील थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. परंतु ते जगाच्या अंतापूर्वीच्या सात वर्षांच्या महासंकटाआधी गुपचूप घडेल, ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांनी रुजवली आणि कॅथलिक चर्च ती शिकवत नाही. मालिका मात्र हा एकच अर्थ पवित्र शास्त्राचा सरळ शब्द म्हणून पुढे ठेवते. त्याचा परिणाम वर्गात दिसला. “टीचर, शाळेतून आल्यावर घरी कोणीच दिसलं नाही, तर आधी काय समजायचं?” असे एका मुलीने अगदी गंभीरपणे विचारले, तेव्हा त्या दिवसाचा ठरलेला पाठ बाजूला ठेवून आम्ही बायबलमधील शेवटचे, प्रकटीकरणाचे पुस्तक उघडले.

पुढे ख्रिस्तविरोधक, म्हणजे अंतकाळी ख्रिस्ताविरुद्ध उभा राहणारा शत्रू, निकोलाय कार्पाथिया जगाची सत्ता हाती घेतो, तसतशी मुले प्रौढांच्या कादंबऱ्यांतील कथानकामागे फरफटत जातात आणि भूकंप, छळ, पलायन यांची आवर्तने थकवतात. भाषा सोपी असल्याने सातवीतले मूल सहज वाचील; त्याहून लहानांना एकट्याने देऊ नये. विकत घ्यायचेच असतील तर सुरुवातीचे चार भाग घ्यावेत, उरलेल्या छत्तीसांसाठी फ्लॅटमधली फळी रिकामी करण्याची गरज नाही.