तापास एका वेळी चारच: एका छोट्या स्पॅनिश रेस्टॉरंटमधील जेवण

सगळे पदार्थ एकदम मागवू नका, असे वेटर स्वतःहून सांगतो, त्या रेस्टॉरंटवर माझा लगेच विश्वास बसतो. गेल्या शनिवारी आम्ही पाच मित्र एका छोट्या तापास रेस्टॉरंटमध्ये, म्हणजे वाटून खायचे छोटे स्पॅनिश पदार्थ मिळणाऱ्या ठिकाणी, गेलो होतो. तेथील वेटरने आमची लांबलचक यादी शांतपणे ऐकून घेतली आणि आधी चार पदार्थ घ्या, ते संपत आले की पुढचे सांगा, असे सुचवले. पाच जणांच्या कोपरांना जेमतेम पुरणाऱ्या टेबलावर चारच्या वर ताटल्या मावल्याही नसत्या, पण खरे कारण वेगळे होते. तापासची मजा पदार्थ कढईतून उतरल्याबरोबर खाण्यात आणि पुढचा येईपर्यंत गप्पा मारण्यात असते, आणि हे या स्वयंपाकघराला पक्के ठाऊक आहे.

‘तापा’ या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ झाकण असा आहे, आणि वाइनच्या पेल्यावर झाकण म्हणून ठेवलेल्या ब्रेडच्या किंवा मांसाच्या चकतीवरून हे नाव पडल्याची आख्यायिका आहे. आमच्यापैकी तिघांनी सानलुकार दे बार्रामेदा या गावची मान्सानिया ही थंडगार, कोरडी (म्हणजे गोड नसलेली) शेरी, एक स्पॅनिश वाइन, घेतली. मद्य न घेणाऱ्या दोघांसाठी ‘मोस्तो’ म्हणजे न आंबवलेला द्राक्षरस होता. तो यादीत आवर्जून ठेवलेला पाहून बरे वाटले, कारण मद्य न घेणाऱ्यांची सोय बहुतेक ठिकाणी पाण्यावरच भागवली जाते.

सुरुवातीला टोमॅटो चोळलेला भाजका ब्रेड आणि पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या आल्या. स्पेनच्या गालिसिया प्रांतातील या छोट्या मिरच्या तेलात फोड येईपर्यंत परततात आणि वर जाडे मीठ भुरभुरवतात. बहुतेक सौम्य असतात, पण एखादी कडक निघते, आणि ती कोणाच्या वाट्याला येते याची सगळे वाट पाहत असतात. आमच्याकडे ती सर्वांत कमी तिखट खाणाऱ्या मित्राच्या वाट्याला आली.

मात्र ज्या दोन पदार्थांसाठी मी तेथे पुन्हा जाईन, ते म्हणजे तोर्तिया आणि लसणातील कोळंबी. तोर्तिया म्हणजे बटाटा घातलेले जाड स्पॅनिश ऑम्लेट. त्यात कांदा असावा की नसावा यावर स्पेनमध्ये हिरिरीने वाद घातला जातो. येथे तो घातला होता आणि माझे मतही त्याच बाजूचे आहे. बटाटे कुरकुरीत न तळता भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर मऊ शिजवलेले होते. सुरी फिरवताच मधला भाग किंचित ओघळला, पण कडा मोडल्या नाहीत, आणि हा नेमका क्षण साधणे फार अवघड असते. कोळंबी मातीच्या पसरट भांड्यात अजून खदखदत असतानाच टेबलावर आली. लसणाच्या पातळ चकत्या सोनेरी होत्या, एकही तपकिरी झालेली नव्हती. ती झाली असती तर सगळे तेल कडवट झाले असते. कोळंबी संपल्यावर ते तेल आम्ही ब्रेडने टिपून घेतले आणि आणखी ब्रेड मागवला.

दोन गोष्टी खटकल्या. ‘पातातास ब्रावास’ म्हणजे तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे. ‘ब्रावास’ म्हणजे उग्र, त्यामुळे या माद्रिदच्या पदार्थाच्या नावातच आक्रमकपणा आहे. त्याच्या सॉसला पिमेंतोन या स्पॅनिश मिरचीपुडीचा ठसका हवा, पण येथील सॉस गोड टोमॅटोकडे झुकलेला होता आणि त्याखाली चांगले तळलेले बटाटे वाया गेले. दुसरे म्हणजे, हामोनचे, म्हणजे स्पॅनिश खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे घातलेली क्रोकेतास (आत घट्ट पांढरा सॉस भरून तळलेले गोळे) एका ताटलीत चार येतात. टेबलाशी पाच माणसे बसलेली दिसत असताना आणखी एक हवे का, एवढे विचारायला हवे होते. आम्ही एक क्रोकेता अर्धी केली, तर आतला पांढरा सॉस ताटलीत सांडला आणि दोघांना नुसते कवच मिळाले. इतक्या जाणत्या वेटरकडून ही चूक अपेक्षित नव्हती.

जेवण संपल्यावर टेबलाभोवती रेंगाळून बोलत बसण्याला स्पॅनिशमध्ये ‘सोब्रेमेसा’ असा स्वतंत्र शब्द आहे. आम्ही जवळजवळ तासभर तसे बसलो. बाहेर लोक थांबलेले असूनही आम्ही मागेपर्यंत बिल आणले गेले नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटते. याच कारणाने टेबल आधी राखून ठेवावे, कारण आत बसलेले लोक लवकर उठत नाहीत.