बारावीची केमिस्ट्री: वाचून पाठ करायची की सोडवून?

दिवाळीची सुट्टी संपली की बारावी सायन्सच्या वर्गात दोन तट दिसू लागतात. एक तट बालभारतीचं पुस्तक ओळ न ओळ वाचतो आणि तीन रंगांच्या पेनांनी नोट्स काढतो. दुसरा पुस्तक बाजूला ठेवून मागच्या वर्षांचे पेपर सोडवायला बसतो. केमिस्ट्रीपुरतं बोलायचं तर यातला कुठलाच तट सगळीकडे जिंकत नाही. धडा बदलला की उत्तर बदलतं, परीक्षा बदलली की पुन्हा बदलतं.

आधी परीक्षा. बोर्डाचा लेखी पेपर ७० गुणांचा, तीन तासांचा. त्यातले एकेका गुणाचे दहा बहुपर्यायी प्रश्न सोडले तर बाकी सगळं लिहायचंच आहे: व्याख्या, कारणं, समीकरणं, गणिताच्या पायऱ्या. एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीच्या राज्य प्रवेश परीक्षेत, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. बोर्डात लॉग टेबल मिळतं; सीईटीत कॅल्क्युलेटर नाही, त्यामुळे लॉग २ म्हणजे ०.३०१ आणि लॉग ३ म्हणजे ०.४७७ हे डोक्यात असलेलं बरं. नुसतं वाचणारा बोर्डात कसाबसा तरून जातो. सीईटीत त्याची दमछाक होते.

फिजिकल केमिस्ट्रीत मला वादच दिसत नाही, सोडवणाराच पुढे. सोल्युशन्सचा धडा चार वेळा वाचून 'सगळं कळलं' असं वाटतं. मग प्रश्न येतो: ०.१ मोलल मिठाच्या द्रावणाचा गोठणबिंदू किती उतरेल? पाण्याचा स्थिरांक १.८६, उत्तर ०.१८६ म्हणून आपण मोकळे. पण मिठाचे दोन आयन होतात, संपूर्ण विघटन धरलं तर उत्तर ०.३७२. व्हान्ट हॉफ घटकाची (विघटनामुळे कणांची संख्या किती पट होते त्याची) व्याख्या पाठ असूनही हे चुकतं आणि पर्यायांमध्ये ०.१८६ बहुधा तुमची वाट पाहत बसलेलं असतं. असा फटका घरी एकदा बसला की पुन्हा बसत नाही. इलेक्ट्रोकेमिस्ट्री, कायनेटिक्स आणि आयनिक इक्विलिब्रियाचंही तेच.

ऑरगॅनिकमध्ये मात्र दोन्ही तट थोडे चुकतात. अभिक्रियांची यादी वाचून ती आठवडाभरात उडते, आणि नुसते बहुपर्यायी प्रश्न सोडवून कन्व्हर्जन, म्हणजे एका संयुगापासून दुसरं बनवण्याच्या पायऱ्या, लिहिता येत नाही. इथे कोरा कागद घ्यावा. मधोमध इथेनॉल लिहा आणि पुस्तक न उघडता बाण काढा: पीसीसी हा सौम्य ऑक्सिडीकारक वापरला तर इथेनाल, आम्लीय डायक्रोमेट वापरलं तर इथेनॉइक आम्ल, सल्फ्युरिक आम्ल आणि ४४३ केल्व्हिन तापमान असेल तर इथीन, तेच ४१३ केल्व्हिनला डायइथाइल ईथर. अडलात तिथेच पुस्तक उघडा. जोड्याही शेजारी-शेजारी मांडा. इथेनामाइडवर लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड वापरलं तर इथेनामाइन मिळतं. ब्रोमीन आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलं तर एक कार्बन गळून मिथेनामाइन. आल्डिहाइडमध्ये अल्फा हायड्रोजन असेल तर आल्डॉल अभिक्रिया, नसेल तर कॅनिझारो. अशा जोड्या वेगवेगळ्या पानांवर वाचल्या की हमखास गोंधळ होतो.

या आठवून लिहिण्याच्या बाजूने पुरावाही आहे. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर दोन पद्धतींची तुलना केली: एक, उतारा पुन्हापुन्हा वाचायचा; दुसरी, वाचून झाल्यावर आठवून लिहायचा. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवणारे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. नोट्सवर मी म्हणूनच कमी वेळ घालवायला सांगेन. सुंदर नोट्समधून अभ्यास झाल्याचं समाधान फार स्वस्तात मिळतं.

इनऑरगॅनिकमध्ये वाचणाऱ्यांचा दिवस येतो. गट १६, १७, १८ चा धडा पुस्तकातून सावकाश वाचण्याला पर्याय नाही. झेनॉनच्या फ्लोराइडांचे आकार किंवा ऑक्सोआम्लांची रचना गणितं करून येत नाही. अपवाद कोऑर्डिनेशन संयुगांचा. तिथे पुन्हा सोडवायलाच हवं. फेरिक आयनाभोवती सहा सायनाइड असले तर एकच अयुग्मित इलेक्ट्रॉन, सहा फ्लोराइड असले तर पाच, हे इलेक्ट्रॉनांच्या कक्षकांचा आराखडा स्वतः भरल्याशिवाय पचत नाही.

बोर्डाबरोबर नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षाही द्यायची असेल तर पुस्तकांचाही प्रश्न येतो. नीटसाठी एनसीईआरटीची (केंद्रीय) पुस्तकं हाच आधार, पण दोन्हीकडचे धडे जुळत नाहीत. सॉलिड स्टेट नीटमधून गेलं, बालभारतीत तो पहिलाच धडा आहे. आयनिक इक्विलिब्रिया बालभारतीत बारावीला, एनसीईआरटीत अकरावीच्या इक्विलिब्रियममध्ये. नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, सीईटीत नाही. म्हणून सीईटीच्या सरावात एकही प्रश्न कोरा सोडू नका आणि नीटच्या सरावात अंदाजपंचे उत्तरं टाळा. दोन्ही परीक्षांचे सराव-पेपर एकाच दिवशी सोडवू नयेत. सवयींची सरमिसळ होते.