वर लिहिलंय एन१००, आत निघालं जे१९००: फायरवॉलचं मशीन घेताना झालेली फसवणूक

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी घरच्या फायरवॉलसाठी, म्हणजे इंटरनेटची ये-जा तपासणाऱ्या पहाऱ्यासाठी, एक छोटं मशीन घेतलं आणि १५,८०० रुपयांना फसले. माझ्या शब्दावर विसंबून भाऊजींनी सांगलीच्या दवाखान्यासाठी त्याच माणसाकडून तसलंच दुसरं मशीन घेतलं. माझे पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण भाऊजींचे गेले ते अजून मनातून जात नाही. बारा वर्षं नेटवर्कच्या कामात काढलेल्या माणसाला हे कळू नये, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेच वाटतं, म्हणून झालं ते सगळं लिहिते आहे.

आधी गरज काय होती ते सांगते. मी घरून काम करते, ऑफिसशी सुरक्षित जोडणारा व्हीपीएन दिवसभर चालू असतो. त्याच इंटरनेटवर मुलीचा टॅब, टीव्ही आणि दारावरचे-पार्किंगमधले मिळून चार कॅमेरे. हे कॅमेरे रात्री-अपरात्री बाहेरच्या कुठल्या तरी सर्व्हरशी बोलत असतात, हे मला दिसत होतं. कनेक्शनबरोबर आलेल्या राउटरमध्ये त्यांना वेगळं काढायची सोय नाही. त्यामुळे स्वतंत्र मशीनवर ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाकायचं ठरवलं. घरात जुना डेस्कटॉप पडून होता, पण तो नुसता चालू राहिला तरी ६० वॅट खातो. असं मशीन दिवसरात्र चालणार, म्हणजे वर्षाला ५२५ युनिट. तेच १० वॅटचं मशीन असेल तर ८८ युनिटांत भागतं. शिवाय पंखा नको, आवाज नको, टीव्हीच्या मागे बसलं पाहिजे.

काही वर्षांपूर्वी याला सरळ उत्तर होतं. स्वित्झर्लंडच्या पीसी इंजिन्स कंपनीचा एपीयू२ बोर्ड घ्यायचा, बंदिस्त डब्यात बसवायचा, विषय संपला. पण २०२३ मध्ये त्यांनी ही बोर्डं बंद करत असल्याचं जाहीर केलं. आता या किमतीत बहुतेक मिळतात ती बिननावाची चिनी बनावटीची खोकी: काळं किंवा चंदेरी ॲल्युमिनियम, वर उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या, मागे चार नेटवर्क पोर्ट. गोम इथेच आहे. २०१३ सालचा प्रोसेसर असो की २०२३ सालचा, बाहेरचं खोकं साधारण एकसारखंच दिसतं.

मला हवा होता इंटेलचा एन१०० हा प्रोसेसर. सहा वॅटचा आहे, २०२३ च्या सुरुवातीला आला आणि त्यात एईएस-एनआय आहे. एन्क्रिप्शनचं काम प्रोसेसर थेट हार्डवेअरमध्ये करतो, ती ही सोय. ओपनव्हीपीएन हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ती असणं-नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दुसरी अट म्हणजे पोर्ट इंटेलचे हवेत. ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं आणि तिथे रिअलटेक या दुसऱ्या कंपनीच्या पोर्टांनी दिलेला त्रास मी कामात भरपूर पाहिला आहे.

जाहिरात अगदी हवी तशी होती. एन१००, आठ जीबी डीडीआर५ रॅम, १२८ जीबीची एसएसडी, इंटेल आय२२६-व्ही चिपचे चार पोर्ट, एक वर्षाची वॉरंटी. मी फोन केला. माणूस गोड बोलला, घाई केली नाही. "मॅडम, व्हिडिओ कॉलवर चालवून दाखवतो, मग पैसे द्या," म्हणाला. दाखवलंही. विंडोज सुरू झालं, सिस्टिमच्या माहितीच्या पानावर स्वच्छ दिसत होतं: इंटेल एन१००, रॅम आठ जीबी. पोर्टांबद्दल विचारलं तर खोक्याच्या तळाचं लेबल कॅमेऱ्यासमोर धरलं, त्यावर आय२२६-व्ही छापलेलं.

मग बिलाची गोष्ट निघाली. "बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के वरून लागतील, नको असेल तर याच भावात देतो, वॉरंटी दोन्हीकडे सारखीच." मी बिल नको म्हटलं. इथे चूक माझी होती. पैसे यूपीआयने पाठवले, तेही एका व्यक्तीच्या नावाच्या क्यूआरवर. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता आला असता.

जाता जाता तो एक वाक्य बोलला, ते तेव्हा मला आपुलकीचं वाटलं होतं: "विंडोज ओरिजिनल टाकून दिलंय, ते काढू नका, काढलं तर वॉरंटी जाते." फायरवॉल म्हणून विकलेल्या मशीनवरचं विंडोज काढू नका, असं कोणी का सांगावं? हा प्रश्न मला त्याच क्षणी पडायला हवा होता.

चौथ्या दिवशी खोकं आलं. त्याच आठवड्यात भाऊजींचा फोन आला होता. दवाखान्यात पेशंटची माहिती संगणकावर आहे, काहीतरी बंदोबस्त हवा, म्हणत होते. मी अजून पार्सल उघडलंही नव्हतं आणि त्यांना त्या माणसाचा नंबर देऊन टाकला.

शनिवारी रात्री ओपीएनसेन्स टाकायला बसले. पेनड्राइव्हवरून वीस मिनिटांत काम झालं, ब्राउझरमध्ये डॅशबोर्ड उघडला आणि प्रोसेसरच्या ओळीत दिसलं: सेलेरॉन जे१९००, १.९९ गीगाहर्ट्झ. मला वाटलं, डोळ्यांवर झोप आहे. पान पुन्हा उघडलं. तेच.

जे१९०० हा २०१३ च्या अखेरीस आलेला दहा वॅटचा प्रोसेसर आहे. त्यात एईएस-एनआय नाही. कोअर मात्र चारच, एन१०० सारखे. म्हणजे विंडोजमध्ये कोणी कोअर मोजले असते तरी संशय आला नसता. हे मशीन कोणी अडाण्याने निवडलं नव्हतं.

स्क्रू काढून खालचं झाकण उघडलं. रॅमच्या पट्टीवर १.३५ व्होल्ट छापलं होतं. तो आकडा डीडीआर३एल या जुन्या जातीच्या रॅमचा. डीडीआर५ रॅम १.१ व्होल्टवर चालते आणि एन१०० मध्ये डीडीआर३एल बसतच नाही. म्हणजे सॉफ्टवेअरने काहीही सांगितलं तरी ती पट्टी एकटी पुरेशी होती. एसएसडी एमसाटा या जुन्या जातीची, कडेला पिवळट पडलेल्या गोंदाचा डाग. स्मार्टची, म्हणजे एसएसडी स्वतःच ठेवते त्या वापराच्या नोंदीची, माहिती काढली तर ती ३१,००० तासांच्या वर चाललेली, म्हणजे अखंड साडेतीन वर्षं. हे मशीन कुठल्या तरी कचेरीत किंवा दुकानात राबून निवृत्त झालेलं होतं. तळाचं लेबल नखाने उचकटलं तर खाली दुसऱ्या लेबलाचा चिकट चौकोन होता, त्यात धूळ बसलेली.

आणि पोर्ट? पीसीआय, म्हणजे मशीनच्या आत जोडलेल्या, उपकरणांची यादी काढली. या यादीत प्रत्येक उपकरणापुढे बनवणाऱ्याचा क्रमांक येतो. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. १९७८ सालच्या त्यांच्या त्या प्रसिद्ध प्रोसेसरचंच नाव त्यांनी इथे घेतलं आहे, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपा. आय२२६-व्ही असेल तर त्यापुढे १२५सी हवं. माझ्याकडे चारही ओळींत १०ईसी आणि ८१६८. रिअलटेक, एक गीगाबिटचे. विकताना अडीच गीगाबिट सांगितले होते.

तरीही एक दिवस चालवून पाहिलं. कनेक्शन २०० एमबीपीएसचं, ओपनव्हीपीएन ४५ च्या पुढे सरकेना, एक कोअर शंभर टक्क्यांवर जाऊन अडकलेला. दुपारी मीटिंगमध्ये लिंक पडली, लॉगमध्ये "वॉचडॉग टाइमआउट", म्हणजे पोर्टाने प्रतिसाद देणंच थांबवलेलं.

विंडोजमध्ये एन१०० कसं दिसलं, हे मी नंतर शोधलं. प्रोसेसरचं नाव विंडोजच्या रजिस्ट्रीत साधा मजकूर म्हणून ठेवलेलं असतं. मशीन सुरू होताना ते नव्याने भरलं जातं, पण लगेच मागून एखादी छोटी स्क्रिप्ट चालवून ते बदलता येतं, आणि माहितीच्या पानावर तो बदललेला मजकूरच येतो. म्हणून तर "विंडोज काढू नका". दुसऱ्या कुठल्याही पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की सोंग उघडं पडतं. पैसे घेतल्यानंतर ते उघडं पडलं तर "तुम्ही विंडोज काढलंत, वॉरंटी गेली" हे उत्तर तयारच. मला शब्दशः हेच उत्तर मिळालं. मी फोटो पाठवले, रॅमच्या पट्टीचा, यादीचा. आधी "मॅडम, गोदामातून चुकून गेलं असेल", मग "बघतो", मग फोन उचलणं बंद.

फोन बंद व्हायच्या आधी, तक्रारीसाठी बिल हवं म्हणून फारच मागे लागले तेव्हा त्याने एका बिलाचा फोटो पाठवला होता. पत्ता मुंबईचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ ने. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, ०७ दिल्लीचा. जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही क्रमांक टाकून नाव पाहता येतं. तिथे भलत्याच धंद्याचं नाव निघालं. ही तपासणी दोन मिनिटांची होती आणि पैसे देण्याआधीच क्रमांक मागून करायची होती.

अडॅप्टरबद्दलही सांगायलाच हवं, कारण ही वस्तू घरात चोवीस तास प्लगला राहते. त्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण नव्हती, आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही नव्हता. तासाभरात तो हात ठेववत नाही इतका तापला. मी तो काढून टाकला. भाऊजींनाही फोन करून सांगितलं की पार्सल आलं तर प्लगला लावूच नका.

तो फोन मला सगळ्यात जड गेला. त्यांनी पैसे आदल्याच दिवशी पाठवले होते. "तू सांगितलंस म्हणजे मी काही विचारलंच नाही," एवढंच ते म्हणाले. त्यात तक्रारीचा सूरही नव्हता.

पुढे काय केलं, ते थोडक्यात. १९३० वर सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवली. तिथे तास मोलाचे असतात. पैसे खात्यात असेपर्यंतच रोखता येतात आणि मी दहा दिवस त्या माणसाशी बोलण्यात घालवले होते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा करता येतो, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. आम्हा दोघांचे अर्ज त्या तयारीत आहेत. पैसे अजून आलेले नाहीत. चॅट, व्हिडिओ कॉलचे स्क्रीनशॉट, पार्सलवरची चिठ्ठी, सगळं जपून ठेवलं आहे. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मात्र काढला नव्हता आणि आता त्याचीच उणीव भासते आहे.

काहींनी सुचवलं, आहे ते मशीन वापरून टाक, वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनला एईएस-एनआय लागत नाही. ते खरं आहे, वायरगार्डचं एन्क्रिप्शन वेगळं असतं. पण फायरवॉल म्हणजे घराचं दार. ज्याने लेबल बदललं, प्रोसेसरचं नाव बदललं, त्याने बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला, हात लावला नसेल हे मी कशावरून धरू? ते मशीन मी पुन्हा लावलं नाही.

जानेवारीत मुंबईला गेले, संगणकांच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला. पर्समध्ये लिनक्सचा पेनड्राइव्ह होता. पहिल्या दोन दुकानांत लावू दिला नाही, मी नमस्कार करून बाहेर पडले. तिसऱ्या ठिकाणच्या काकांनी स्वतःच मॉनिटर पुढे सरकवला. "लावा ना ताई, त्यात काय." यादीत चार ओळी आल्या, चारही ८०८६ आणि १२५सी. प्रोसेसरच्या माहितीत एन१००, वैशिष्ट्यांच्या लांबलचक रांगेत एईएस. रॅमचं झाकण त्यांनीच उघडून दाखवलं. एक मशीन २१,५०० ला पडलं, जीएसटीसकट, बिलावर सिरियल नंबर लिहून. दोन घेतली. घरी वीज मोजायचा मीटर लावून पाहिलं तर ९ ते ११ वॅटच्या मध्ये.

दुसरं मशीन घेऊन पुढच्या रविवारी सांगलीला गेले. भाऊजी पैसे घ्यायला तयार नव्हते आणि मीही ऐकणार नव्हते. ताई चहा टाकायला आत गेली तेव्हा त्यांनी खोकं हातात घेऊन उलटंपालटं केलं, तळाच्या लेबलावरून अंगठा फिरवला.

"हे उघडून बघितलंस ना?"

"दुकानातच बघितलं, भाऊजी," म्हटलं, आणि बिल त्यांच्या हातात दिलं.