एसीच्या ‘परवान्या’चे पैसे कोणी मागितले तर देऊ नका

एप्रिलमध्ये बाबांनी नाशिकमधल्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये दीड टनाचे दोन स्प्लिट एसी घेतले. त्यांची बायपास झालेली आहे, त्यांना उकाडा सोसत नाही आणि घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. पारा चाळिशीपार गेला की स्लॅब रात्रीसुद्धा तापलेला असतो. एसी चांगल्या कंपनीचे, दुकानाचं बिलही पक्कं. फसवणूक झाली ती बसवताना.

दुकानाने पाठवलेला माणूस म्हणाला, “काका, दोन एसी लावायचे तर आता महापालिकेचा परवाना लागतो. नसला तर मीटर काढून नेतात. लोडचं पण मीच बघतो, तुम्हाला महावितरणला खेटे घालायला नकोत.” परवाना आणि लोड मिळून साडेनऊ हजार घेतले, तेही रोख. नंतर त्याने घरी पावती आणून दिली. वर महापालिकेचं बोधचिन्ह, खाली गोल शिक्का, मध्ये ‘वातानुकूलन परवाना शुल्क’. बाबांनी ती फाइलला नीट लावून ठेवली.

मे महिन्यात बेडरूमच्या सॉकेटमागून प्लास्टिक जळाल्याचा वास यायला लागला. आईच्या वेळीच लक्षात आलं म्हणून थोडक्यात निभावलं. ओळखीच्या वायरमनने बोर्ड उघडला, तर एसीचं कनेक्शन दिव्या-पंख्याच्या जुन्या बारीक वायरवरच जोडलेलं. वायरचं आवरण वितळलं होतं. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट खेचतो. त्याला मेन बोर्डापासून वेगळी चार स्क्वेअर एमएमची वायर, स्वतःचा एमसीबी (जास्त वीज खेचली गेली की आपोआप बंद होणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवं. यातलं काहीच केलेलं नव्हतं. वायरमनने विजेचं बिल मागितलं आणि ‘मंजूर भार’ या रकान्यावर, म्हणजे घराने एका वेळी किती वीज खेचायची त्या ठरलेल्या लोडवर, बोट ठेवलं. तिथे जुनाच आकडा होता, दोन किलोवॅट. गिझर आणि दोन एसी एकदम चालू झाले तर त्याच्या दुपटीहून जास्त.

मी पावती घेऊन शरणपूर रोडला महापालिकेच्या राजीव गांधी भवनात गेले. तिथल्या कर्मचाऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि सांगितलं की असं शुल्क महापालिका घेतच नाही. महावितरणच्या कार्यालयात ग्राहक क्रमांक दिला, तर भारवाढीचा अर्जच आलेला नव्हता.

या माणसांचं खोटं खपतं, कारण त्यात थोडं खरं मिसळलेलं असतं. लोड वाढवणं खरोखरच गरजेचं असतं. त्यामुळे परवानाही लागत असेल, असं ऐकणाऱ्याला वाटतं. राहत्या फ्लॅटमध्ये स्प्लिट एसी लावायला महापालिकेचा वेगळा परवाना लागत नाही. बाहेरचं युनिट इमारतीच्या भिंतीवर लावायचं असेल तर सोसायटीच्या कमिटीची लेखी संमती घ्या, त्याला साधा अर्ज पुरतो. आणि मंजूर भार कमी पडत असेल तर तो महावितरणकडून वाढवून घ्या. हा अर्ज त्यांच्या वेबसाइटवरून घरबसल्या करता येतो. वायरिंगचं काम मात्र सरकारी लायसन्स असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याच्या सहीशिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट मागून घ्या. लायसन्स नंबर विचारायला अजिबात संकोचू नका. खरा ठेकेदार तो लगेच सांगतो.

भारवाढीचे पैसे कोणाच्याही हातात रोख देऊ नका. ते तुमच्या बारा आकडी ग्राहक क्रमांकावर भरले जातात आणि पावतीवर तोच क्रमांक असतो. पुढच्या बिलात मंजूर भार बदललेला दिसला तरच काम झालं असं समजा. शंका आली तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर विचारा.

दुकानदाराने हात झटकले, “तो आमचा माणूस नाही, बाहेरचा आहे.” पण बसवण्याचे पैसे दुकानाच्याच बिलात लावले होते, त्यामुळे हे मी ऐकून घेणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. बनावट पावतीबद्दल पोलिसांत लेखी अर्ज दिला आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आणि बनावट दस्तऐवजासाठी कलम ३३६ आहे, दोन्हींचा त्यात उल्लेख केला. अर्जाला पावतीची झेरॉक्स जोडली, मूळ पावती आपल्याकडेच ठेवली.

बाबा साडेनऊ हजारांचं फारसं मनाला लावून घेत नाहीत. पण आई रोज त्याच खोलीत झोपते आणि त्या माणसाला ती वायर तापणार हे माहीत होतं, याचा मला फार राग आहे. तुमच्या आईवडिलांच्या घरी यंदा किंवा गेल्या उन्हाळ्यात एसी बसला असेल, तर आज त्यांना फोन करून बिलावरचा मंजूर भार वाचून दाखवायला सांगा आणि एसी चालू असताना प्लग गरम होतो का, तेही विचारा. अशी पावती कोणाकडे निघाली तर फेकू नका, आपल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. एकाच माणसाविरुद्ध चार अर्ज आले तर पोलिसांना ते बाजूला ठेवता येणार नाहीत.