स्टिअरिंगचा आवाज आणि उद्यमबागेतले बिनपाटीचे गॅरेज

बेळगावात इलेक्ट्रिक गाड्या विकणारी दालने आता सहज सापडतात, पण वॉरंटी संपलेल्या अशा गाडीचा आवाज आधी नीट ऐकून घेणारा आणि मगच पाना हातात धरणारा मेस्त्री शोधावा लागतो. उद्यमबागेत फाउंड्री आणि लेथच्या कारखान्यांच्या रांगेत असे एक लहान गॅरेज आहे. त्याला पाटी नाही, सस्पेन्शनचे काम करणारे म्हणून चौकशी केली की कोणीही दाखवते. तेथील कामाबद्दल माझे मत एकंदरीत चांगले झाले आहे. काही तक्रारीही आहेत, त्या पुढे येतीलच.

आमची गाडी जांबोटी-कणकुंबी मार्गे चोर्ला घाट उतरून गोव्याला वारंवार जाते, आणि पावसाळ्यानंतर त्या रस्त्याची जी अवस्था होते ती या भागातील वाचकांना सांगायला नको. यंदा स्टिअरिंग वळवताना तीन निरनिराळे आवाज येऊ लागले: जागच्या जागी चाक वळवताना पुढून ‘टण्’, खड्ड्यांच्या रस्त्यावर हळू चालवताना ‘खटखट’ आणि आत, पायांजवळ, बारीक ‘चिर्र’. गाडीला इंजिनाचा आवाजच नसल्यामुळे, पेट्रोल गाडीत एरवी झाकले गेले असते असे आवाजही इथे स्पष्ट ऐकू येतात. यापूर्वी दाखवलेल्या एका ठिकाणी स्टिअरिंग ऑइल भरण्याचा सल्ला मिळाला होता. या गाडीचे स्टिअरिंग १२ व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या मोटरच्या साहाय्याने वळते, त्यात ऑइलची टाकीच नाही. तेव्हा ते ऑइल नेमके कोठे ओतायचे, हे विचारायचे राहून गेले. दुसऱ्या ठिकाणी गाडी न चालवताच संपूर्ण रॅक, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारा भाग, बदलण्याचा खर्च कागदावर लिहून दिला.

उद्यमबागेतील मेस्त्रींनी मात्र प्रथम गाडी चालवून पाहिली. ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच इलेक्ट्रिक गाडी स्वतःहून वेग आवरू लागते, त्या क्षणी ॲक्सलवरील जोर उलट दिशेने पडतो, आणि ॲक्सल किंवा मोटरचे माउंटिंग सैल असेल तर होणारा ‘खट्’ आवाज चालकाला स्टिअरिंगचाच वाटतो. म्हणून त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन तोच खडबडीत रस्ता पुन्हा पार केला. आवाज तसाच राहिला, तेव्हा ती शंका मिटली. जागेवर चाक वळवताना येणारी मंद घूं ही स्टिअरिंगच्या मोटरची असून ती नैसर्गिक आहे, तिच्यासाठी काही करू नका, असेही त्यांनी लगेच स्पष्ट केले. ज्या कामात पैसे मिळवता आले असते ते काम नाकारणारा माणूस माझ्या मनात तेथेच भरला.

‘टण्’ आवाजाचे निदान पाहण्यासारखे होते. गाडी जमिनीवरच उभी ठेवून मदतनीस आत बसला, आणि मेस्त्रींनी चाकाच्या कमानीतून आत हात घालून स्प्रिंगवर बोटांचा नुसता स्पर्श ठेवला. मदतनिसाला कानडीत सूचना आणि लगेच मला मराठीत खुलासा, असे दोन्ही एकाच वेळी चालू होते. स्टिअरिंग वळू लागले की स्प्रिंग शॉकॲब्सॉर्बरसोबत सहज फिरायला हवी. आमच्या गाडीत ती अडकून पीळ खात होती आणि मग एकदम सुटत होती. तो सुटण्याचा झटका मलाही हाताला जाणवला. शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटिंगमधील बेअरिंग चिखलपाण्याने गंजले होते. बॅटरीमुळे या गाड्या त्याच आकाराच्या पेट्रोल गाड्यांपेक्षा जड असतात, त्यामुळे जागेवर चाक वळवताना या बेअरिंगवर येणारा भारही अधिक असतो. रॅकचा यात काहीही दोष नव्हता.

‘खटखट’ स्टॅबिलायझरच्या, म्हणजे वळणावर गाडीचे कलणे आवरणाऱ्या दांड्याच्या, लिंक रॉडची (त्याला जोडणाऱ्या लहान दांडीची) निघाली. पुढची दोन्ही चाके उचलून हलवल्यावर टायरॉड आणि बॉल जॉइंट हे चाकांजवळचे सांधे घट्ट आढळले. चाके अशी अधांतरी असताना लिंक रॉडवरचा ताण जातो आणि त्याची झीज लपून राहते, म्हणून गाडी पुन्हा चाकांवर उभी करून लिंक हाताने हलवून पाहिली. ‘चिर्र’ आवाज स्टिअरिंगचा दांडा जेथून केबिनमध्ये येतो तेथील कोरड्या रबरी सीलचा होता. तेथे साधे ग्रीस न लावता सिलिकॉन ग्रीस लावले, कारण साध्या ग्रीसने रबर फुगून खराब होऊ शकते. नारिंगी रंगाच्या, उच्च दाबाची वीज नेणाऱ्या केबलला आणि एअरबॅगच्या भागाला त्यांनी हात लावला नाही, आणि लावणार नाही हे आधीच सांगितले होते.

आता तक्रारी. काम सांगितलेल्या वेळेत झाले नाही, कारण बेअरिंग कोल्हापूरहून मागवावे लागले आणि ते आले की नाही हे मलाच फोन करून विचारावे लागले. बिलात सुट्या भागांची आणि मजुरीची रक्कम एकत्रच लिहिली होती. मागितल्यावर वेगळी करून दिली. शिवाय शॉकॲब्सॉर्बर खोलल्यानंतर चाकांची अलाइनमेंट करणे आवश्यक असते आणि या गाडीत त्यासोबत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर स्कॅनरने पुन्हा शून्यावर आणावा लागतो. या गॅरेजमध्ये या दोन्हींची सोय नाही. ते काम मी दुसरीकडे करून घेतले, त्याचा खर्च आणि वेळ आपल्या हिशेबात धरावा. गाडी वॉरंटीत असेल तर येथे येण्यापूर्वी कंपनीच्या सेवा केंद्रात आवाजाची लेखी नोंद करून घ्यावी. रॅम्प एकच आहे, त्यामुळे आधी फोन करावा, आणि शक्यतो सकाळी लवकर जावे, कारण दुपारी शेजारच्या कारखान्यांच्या खडखडाटात स्टिअरिंगचा बारीक आवाज ऐकू येत नाही, असे मेस्त्री स्वतःच सांगतात.